लाल पट्टी

१

महिन्याचा शेवटचा रविवार आला की तो कॉम्प्युटर उघडून बसायचा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायचं, ब्लोअरने धूळ उडवायची, पंख्याची पाती ब्रशने झाडायची, आणि बायकोने जेवायला हाक मारली की "झालंच" म्हणून आणखी तासभर लावायचा, हे ठरलेलं. तो घरूनच इमारतींचे नकाशे काढून द्यायचा. त्यामुळे त्या डब्यावर घर चालत होतं हे खरं, पण पोटापाण्याचा भाग सोडला तरी त्याचा त्या डब्यावर जीव होता. बायको म्हणायची, माझी सर्दी याला आठवड्याने कळते, पंख्याची घरघर मात्र शेजारच्या खोलीत असला तरी कळते.

त्याची एक पद्धत होती. मधल्या दिवसांत एखादा भाग कुरकुरतोय असं वाटलं की त्यावर तो लाल चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावून ठेवायचा. नाहीतर रविवारपर्यंत विसरायचा. लाल पट्टी म्हणजे हा भाग बदलायचा. नवा भाग आणायचा, जुना काढायचा, आणि जुना फेकून मात्र द्यायचा नाही. नव्या भागाबरोबर आलेल्या चंदेरी पिशवीत तो गुंडाळून माळ्यावरच्या खोक्यात टाकायचा. लागेल कधीतरी, हे वाक्य त्याने आईकडून उचललं होतं. तुटक्या कानाच्या कपापासून जुन्या चष्म्याच्या काड्यांपर्यंत त्या घरातून सहजासहजी काही बाहेर गेलं नव्हतं.

कॉम्प्युटरचं टेबल आईच्याच खोलीत होतं. उजेडाची खिडकी तिथेच होती. तो टेबलाशी काम करत असायचा आणि आई मागे पलंगावर बसून क्रोशाचं विणकाम करायची. विणकाम म्हणायचं इतकंच. गेली काही वर्षं तिचा उजवा हात थरथरायचा. चहाचा कप बशीवर ठेवला की कप वाजत राहायचा, सुई टाक्यात घालायला दहादा नेम धरावा लागायचा. सुरुवातीला त्याला तो बशीचा आवाज सहन होत नसे. मग पंख्याच्या आवाजाची सवय होते तशी त्याचीही झाली.

त्या रविवारी त्याने झाकण काढलं आणि ब्लोअर तसाच हातात धरून बसला. मागच्या पंख्यावर त्याने बुधवारी लाल पट्टी लावली होती. पट्टी नव्हती. पंखाही तो नव्हता. कंपनी तीच, माप तेच, पण कोराकरकरीत. आत धुळीचा कण नव्हता. तो स्वतः ज्या केबली कशाबशा कोंबायचा, त्या एका रेषेत लावलेल्या होत्या.

त्याने माळ्यावरचं खोकं काढलं. जुना पंखा चंदेरी पिशवीत होता. पिशवीचं तोंड बारीक गाठ मारून बांधलं होतं. तो कधीच गाठ मारत नसे, नुसती पिशवी दुमडायचा.

२

बायकोने कुणा मेकॅनिकला बोलावलं असणार, असं त्याने धरून टाकलं. तिला विचारलं तर ती हसली. घरात मेकॅनिक येऊन तुझ्या डब्याला हात लावून गेला असता तर तू शहराला कळेल इतका आरडाओरडा केला असतास, असं म्हणाली. आईला विचारलं. ती दिवसभर खोलीतच असायची. कुणी आलं नव्हतं. मग त्याने सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. चुकून घरपोच पाठवला का, असं विचारलं. तो पंखा केव्हाच बनायचा बंद झालाय, माझ्याकडे असता तर मीच जपून ठेवला असता, असं दुकानदाराने सांगितलं.

आता खरं तर इथे माणसाने घाबरायला हवं. पण तो हिशेबी डोक्याचा होता, आणि हिशेबी माणूस घाबरण्याआधी कारण शोधतो. त्याने कारण शोधलं: आपणच बदलला आणि विसरलो. कामाचा ताण आहे, झोप कमी आहे, होतं असं. बंद झालेला पंखा आपल्याला मिळाला कुठे, हा प्रश्न त्याने बाजूला सारला. खोटं कशाला बोला, मनातून त्याला थोडं बरंही वाटलं होतं. पंखा फार सुरेख चालत होता.

तरी पारखून बघावं म्हणून त्याने माउसला पट्टी लावली. त्याचं चाक अडकायचं. सकाळी लावली आणि दिवसभर टेबलासमोरून हलला नाही. दुपारी आईला औषध द्यायला म्हणून स्वयंपाकघरातून पाणी आणायला गेला, तेवढाच काय तो वेळ. परत येऊन माउसवर हात ठेवला तर चाक लोण्यातून फिरावं तसं फिरलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने काहीच पाहिलं नव्हतं.

त्याने जेवताना बायकोला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, की मग हे करतंय कोण, आणि त्या प्रश्नापर्यंत त्याला जायचं नव्हतं.

३

पुढचा महिना कॉम्प्युटरचा फार चांगला गेला. कीबोर्डची झिजलेली बटणं, पॉवर सप्लाय, कुरकुर करणारी हार्ड डिस्क. डिस्कला पट्टी लावायला तो कचरला होता. आयुष्यभराचे नकाशे त्यात होते. पण सगळे नकाशे जागच्या जागी निघाले, नव्या डिस्कवर, पूर्वीपेक्षा चटकन उघडणारे. त्याने सुस्कारा सोडला. एक जुना नकाशा तेवढा उघडेना. त्याच्या पहिल्या कामाचा होता तो. फाइल होती, नाव होतं, आत मात्र कोरं पान होतं. इतक्यांतला एक गेला तर गेला, असं त्याने स्वतःला समजावलं.

एका दुपारी तो मॉनिटरच्या केबलला पट्टी लावत होता. आईच्या हातून कप सुटला आणि चहा चादरीवर सांडला. त्याने फडकं आणून पुसलं. आईला ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळली की ती थट्टा करायची.

"त्या डब्याचं सगळं बदललंस," ती म्हणाली. "माझ्या हातालाही लाव एक पट्टी. हाही कुरकुरतोय."

तोही हसला. आईने मनगट पुढे केलं होतं. त्याच्या बोटावर तुकडा चिकटलेलाच होता. त्याने तो तिच्या उजव्या मनगटावर लावला, लहान मुलाला राखी बांधल्याचं नाटक करावं तसा, आणि वर थोपटलंही. मग फडकं धुवायला मोरीत गेला. नळाखाली फडकं पिळताना आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. तो धावत परत आला आणि पट्टी ओरबाडून काढायला वाकला.

मनगटावर पट्टी नव्हती. आई डोळे मिटून पडली होती. तिचा हात चादरीवर शांत पडला होता, अगदी शांत.

४

आईचा आनंद बघून त्याला बोलवेना. तिने चहाचा कप एका हाताने उचलला, ओठांना लावला, बशीवर ठेवला. आवाज झाला नाही. तिने पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने डॉक्टरांना बोलावलं. घरी येणारे ते म्हातारे डॉक्टर हरखले, आणि सगळं श्रेय त्यांनी आपल्या गोळ्यांना दिलं. बायकोने त्या दिवशी गोड केलं. तो सगळ्यांबरोबर हसला आणि सगळ्यांबरोबर जेवला. मनात एकच घोकत होता, की गोळ्यांनीच झालं असेल, होतं असं.

मग त्याला दिसलं की अंगठ्याखालचा भाजल्याचा डाग गेलाय. तो लहान असताना उकळत्या दुधाचं पातेलं त्याच्यावर कलंडणार होतं, तेव्हा आईने हात मध्ये घातला होता. तो डाग पाहतच तो मोठा झाला होता. आता तिथे नितळ कातडी होती. नखं गुलाबी होती. डाव्या हातावर शिरा उठलेल्या, सुरकुत्या, काळसर ठिपके, आणि शेजारी हा हात. कुणी नीट पाहिलंच नाही की काय, असं त्याला वाटायचं. बायको म्हणाली, रक्त खेळायला लागलं की हात असाच दिसतो.

विणकाम मात्र होईना. सुई थरथरत नव्हती, नेम चुकत नव्हता, पण हात नुसता सुई धरून राहायचा. आई टाका तोंडाने सांगायची, आता दोरा वर, आता खालून काढ. हात तिचं ऐकायचा आणि पहिल्यांदाच सुई हातात घेतलेल्या मुलीसारखे टाके घालायचा. दोनचार दिवस तिने खटपट केली. मग विणकाम मांडीवरून उतरवून ठेवलं.

"मला कुठे येत होतं," ती त्याला म्हणाली. "त्या हाताला येत होतं."

तिने तो हात त्याच्या केसांवरून फिरवला. रोज फिरवायची. तो मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या मानेवर काटा आला. हात उलट्या बाजूने फिरला होता, आणि कवटीचा आकार चाचपून बघावा तसा जागोजागी थांबत गेला होता.

५

माळ्यावर उंदीर झालाय, असं बायकोने सांगितलं. दिवसभर खुडबुड चालू असते, तुझ्या त्या भंगारातच असणार. त्याने शिडी लावली.

टळटळीत दुपार होती. माळ्याच्या जाळीतून ऊन खोक्यावर पडलं होतं. त्याने वरचं पुठ्ठ्याचं झाकण दूर केलं. पंखा, माउस, कीबोर्ड, पॉवर सप्लाय, प्रत्येकाची चंदेरी पिशवी, प्रत्येकीला बारीक गाठ. सगळ्यांत वर एक लांबट पिशवी होती. ती त्याने ठेवली नव्हती.

पिशवी हलत होती. उंदीर आत शिरल्यावर हलेल तशी नाही. ती एका जागी पडून बारीक, सारखी थरथरत होती, आणि खालच्या पिशवीला घासून तिचा चुरचुर आवाज येत होता. तो ताल त्याला पाठ होता. वर्षानुवर्षं तो पाठीमागे ऐकत त्याने नकाशे काढले होते.

त्याने गाठीला हात लावला नाही. हात पुढे केला होता, इतकंच. पिशवीला बाहेरून बोटं टेकली तेव्हा आतली थरथर क्षणभर थांबली, आणि मग आतून त्याच्या बोटांवर काहीतरी हळू टेकलं. त्याने खोकं बंद केलं. शिडीवरून उतरला. बायकोने विचारलं, सापडला का. उंदीर नाही, पुठ्ठा सैल झालाय, वाऱ्याने वाजतो, असं त्याने सांगितलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड दाबून रडला.

ती पिशवी खाली आणून डॉक्टरांसमोर ठेवावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण ठेवून सांगायचं काय, आणि मागायचं काय. शिवून द्या म्हणायचं?

६

दुसऱ्याच दिवशी आईच्या गुडघ्यावर लाल पट्टी दिसली.

त्याने ती कातडीसकट निघेल इतक्या जोराने ओढून काढली. आई कळवळली. तिला रागावला, म्हातारीला इतकंही कळू नये, असं काहीबाही बोलला. आई त्याच्याकडे पाहत राहिली. मी नाही लावली, म्हणाली. तिने देवाची शपथ घेतली नाही की आवाज चढवला नाही. ती आयुष्यात त्याच्याशी खोटं बोलली नव्हती.

त्या दुपारी ती झोपली तेव्हा तो टेबलाशी बसून राहिला. मॉनिटर बंद केला, त्याच्या काळ्या काचेत मागचा पलंग दिसत होता. आईचा श्वास संथ झाला. डावा हात पोटावर होता. उजवा हात काही वेळ उताणा पडून होता, मग त्याने कूस बदलली. बोटं चादरीच्या कडेने चालत पलंगाच्या लोखंडी नळीवर गेली. तिथला एक सैल स्क्रू त्यांना सापडला. अंगठा आणि एका बोटाने तो धरून हाताने तो सावकाश घट्ट केला. घट्ट झाल्यावर पुन्हा एकदा फिरवून खात्री केली. मग हात टेबलाकडे वळला आणि पलंगालगतच्या खणाच्या मुठीपाशी चाचपडू लागला. चिकटपट्टीचं रीळ त्या खणात असायचं.

आई घोरत होती.

त्याने रीळ काढलं, कात्रीने त्याचे तुकडे केले, आणि गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकून आला. त्या घरातून बाहेर गेलेली ती पहिलीच वस्तू असावी. परत आला तर आईच्या गळ्याभोवती विणकामाचा लाल दोरा होता. एक वेढा, आणि बारीक गाठ. अजून काही झालं नव्हतं. दोरा त्याने कात्रीने कापून काढला.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत जाऊन आईच्या उशाशी बसली, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढंच म्हणाली, "त्यांना एकटं सोडायचं नाही."

घरातलं लाल ते सगळं तिने गोळा केलं. टॉवेल, रिबिनी, पेनं, टिकल्यांचं पाकीट. आई झोपली की दोघांपैकी एक जण तो उजवा हात धरून बसू लागला.

७

आईची छाती भरली ती साध्या सर्दीतून. दवाखान्यात काही दिवस काढले, मग तिथल्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. या वयात छाती थकते, घरी न्या, माणसांत राहू द्या, असं म्हणाले. 

घरी आणल्यावर तिचा श्वास दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. एकेक श्वास ओढून आणावा लागत होता. तो हात धरून बसायचा आणि ऐकायचा, आणि ऐकता ऐकता त्याच्या मनात तेच यायचं. मनगटाची पट्टी नळाखाली फडकं पिळेपर्यंत लागू पडली होती. तेवढाच वेळ लागला असता. त्याने स्वतःला बजावलं. तरी एका सकाळी बायको औषधाला बाहेर गेली असताना तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन लाल चिकटपट्टी घेऊन आला. आईला एकटं सोडून गेला, आणि परत येईपर्यंत धावत होता.

त्याने तुकडा कापला. आईने डोळे उघडले. पट्टीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"आई," तो म्हणाला, "फक्त छातीवर. श्वास मोकळा होईल. तू राहशील."

"कोण राहील?" तिने विचारलं. तिला दम लागला, थोडं थांबावं लागलं. "या हाताला तुझं डोकं ओळखू येत नाही. तू कोण, हे नव्या छातीला कोण सांगणार? उरलेय तेवढी माझी मला राहू दे."

मी काय करू मग, असं तो लहान पोरासारखा म्हणाला.

"बस," आई म्हणाली. "हा नको धरूस. हा धर." तिने डावा हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो तिला उचलता आला नाही.

त्याने पट्टी चुरगळून खिशात घातली. तिचा डावा हात धरायचा तर उजवा सोडावा लागला असता, आणि उजवा सोडायची त्याची छाती झाली नाही. म्हणून त्याने उजवा आपल्या मुठीत घट्ट धरला आणि वाकून कपाळ तिच्या डाव्या हातावर टेकलं. तो तसाच अवघडून बसला. डाव्या हाताची बोटं त्याच्या केसांत जराशी हलली. बरोबर दिशेने हलली. खिडकीतून ऊन पलंगावर आलं, मग भिंतीवर गेलं. बायको परत आली आणि पायाशी बसली. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. एका श्वासानंतर तो पुढच्याची वाट पाहत राहिला.

घरी येणारे म्हातारे डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, पापणी वर करून पाहिली, डाव्या मनगटावर बोटं ठेवली. उजव्याकडे ते आले नाहीत, तो मध्ये बसला होता. शांत गेल्या, म्हणाले. दाराशी बायकोशी हलक्या आवाजात बोलले आणि निघून गेले.

बायकोने आईचे केस सारखे केले. डावा हात छातीवर आणून ठेवला. तो गार पडला होता. ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्याला रडू येत नव्हतं, त्याचा चेहरा घामाने भिजला होता. तिला वाटलं, धक्का बसलाय.

"सोड आता," ती मायेने म्हणाली. "सोड त्यांचा हात."

"मी केव्हाच सोडलाय," तो म्हणाला.